करंगळीएवढं पाणी

भारतराव पोले घरात बोलत नसत, घोषणा करत. कळमनुरीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून, माईकवर गाड्या पुकारून पुकारून त्यांच्या जिभेला तेच वळण पडलं होतं. सकाळी न्हाणीतून आवाज यायचा, "गरम पाण्याची बादली अद्याप फलाटावर लागलेली नाही, संबंधितांनी नोंद घ्यावी!" संबंधित म्हणजे त्यांची बायको दिपाली. ती ओट्यापासून न हलता सांगायची, "मोटार पाणी ओढून न्हाई राहिली. अंघोळ रद्द करण्यात आलेली आहे."

अंघोळ रद्द होणं काही नवीन नव्हतं. गावाबाहेर औंढ्याच्या वाटेला पडलेल्या ज्या प्लॉटिंगमध्ये भारतरावांनी घर बांधलं, तिचं नाव 'गंगासागर नगर'. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्या छातीला दाद दिली पाहिजे. गंगा नाही, सागर नाही, उन्हाळ्यात नगरात ओलं असं फक्त माणसांचं कपाळ. भारतरावांनी घराच्या आधी बोर घेतला. मशीन दिवसभर धडधडलं. आधी लाल माती आली, मग पिठासारखी धूळ, मग काळा दगड, आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले सगळे कपडे एकाच रंगाचे झाल्यावर शेवटी ओलं आलं. किती? तर करंगळीएवढं. मशीनवाला म्हणाला, "साहब, पानी कम है, पर मीठा है." कमी पडणाऱ्या गोष्टीची चव लोक अशीच वाखाणतात.

करंगळीवर नवराबायकोचं कसंबसं भागत होतं. पण यंदा भारतरावांनी आईला वाडीवरून आणलं आणि खरी कथा सुरू झाली.

पंचफुलाबाईंचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. मालक ज्ञानबा वारल्यावर त्या वाडीत एकट्याच राहायच्या, हट्टानं. मागच्या हिवाळ्यात ओढ्याला पाय घसरून पडल्या, आणि शेळीनं ओरडून ओरडून माणसं गोळा केली म्हणून वाचल्या. मग कुठं त्या लेकाकडं यायला तयार झाल्या, तेही शेळीसकट. शेळीचं नाव चंद्री. एस.टी.त शेळी घेईनात, तेव्हा चंद्री टेम्पोत, पंचफुलाबाई टेम्पोत, आणि ज्यानं जन्मभर लोकांना 'एस.टी.नेच प्रवास करा' म्हणून सांगितलं तो वाहतूक नियंत्रकही टेम्पोत, शेळीचं दावं धरून.

म्हातारीची एक रीत होती. जनावरानं तोंड लावल्याबिगर त्या पाण्याचा घोट घ्यायचा नाही. "मानूस फसतं रं पान्याला. शेळी न्हाई फसत," असं त्या म्हणायच्या. पहिल्याच दिवशी दिपालीनं टँकरच्या पाण्याची बादली चंद्रीपुढं ठेवली. चंद्रीनं वास घेतला, शिंकली, आणि बादलीकडं पाठ करून उभी राहिली. झालं! त्या दिवसापासून बोरचं करंगळीभर पाणी होतं ते सासूला आणि शेळीला, आणि नवराबायको टँकरच्या पाण्यावर. वर्ग-तीनचा कर्मचारी स्वतःच्या घरात शेळीपेक्षा खालच्या वेतनश्रेणीत गेला.

पण म्हातारीचे डोळे घारीचे. सून तांब्याभर पाण्यात तोंड धुते, लेक ओल्या फडक्यानं अंग पुसून स्टँडवर जातो, हे त्यांनी पाहिलं. त्या एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "भारत, तुमच्या तोंडचं पानी काढून मी शेळीला पाजून राहिले. हे बराबर न्हाई. आखितीला तुज्या बापाचा करा भरायचा हाय. जाऊन पयलीच आखिती हाय त्यांची. इकतच्या पान्यानं मी करा भरनार न्हाई. आखितीला मी वाडीला जाते. गेले की मंग तिकडंच."

अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला मातीचा करा ठेवायचा, ही चाल घरोघरची. तिच्यापुढं भारतराव काय बोलणार? बरं, म्हातारीला अडवायला दुसरी काही अडचणही नव्हती. तिला एस.टी. फुकट होती आणि वाडीवरून जाणारी औंढ्याची गाडी नगराच्या कोपऱ्यावरच थांबायची. आपल्या आईला एकटेपणाकडं घेऊन जाणारी गाडी आपणच माईकवर पुकारायची, हे भारतरावांना सोसेना. त्यांनी ठरवलं, आखितीच्या आत ह्या घरात पाणी आणायचंच.

एवढं ठरवलं आणि हे नगरात कळलं, तिथंच माती खाल्ली.

पहिले आले जमादार. वसराम राठोड पोलिसातून निवृत्त झाले होते, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. ते म्हणाले, "कंट्रोलर साहेब, एकच काम करा. दुसरा बोर घ्या. असा खोल, की पाण्याला पळायला जागाच राहू नये. आमचा बघा की! दोन इंच धो धो!" त्यांची बायको रुक्माबाई मागं उभी होती. तिनं लगेच पदर तोंडाला लावला, हसायला की खोकायला ते समजलं नाही. मोटार-पाइपाचं दुकान असलेला देविदास म्हणाला, "बोर घ्याच साहेब, मोठ्या ताकदीची मोटार मी देतो." बँकेतले विकासराव म्हणाले, "सोर्स एकच असावा, पण दमदार." अंगणवाडीच्या सखुबाई एकट्याच राहायच्या. त्या म्हणाल्या, "देवाच्या कृपेनं माझ्या बोरला तर कमी म्हणून न्हाई."

आता ह्या दोन इंच धो धो लोकांच्या दारात भल्या पहाटे टँकर का उभा असायचा, हा प्रश्न विचारायची नगरात पद्धत नव्हती. कोणी पाहिलंच तर जमादार म्हणायचे, "बांधकामाला मागवलाय." त्यांच्या घरी बांधकाम म्हणून तुळशीवृंदावनाची एक वीट हलली होती. बोर म्हणजे इभ्रत होती हो! माणूस एक वेळ मुलगा नापास झाला सांगेल, पण बोरला पाणी नाही असं सांगणार नाही.

भारतरावांनी सगळे सल्ले इमानदारीनं पाळले. पाणाडी आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळा प्लॉट पायाखाली घातला, आणि नारळ उभा कुठं राहिला? तर नेमका देवघरात, देवाच्या पुढ्यात. देवघर पाडायला दिपालीनं सपशेल नकार दिला. मग नव्या बोरच्या परवानगीला एका कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं नकाशा उलगडला आणि सांगितलं, जवळ सार्वजनिक विहीर आहे, तेव्हा परवानगी नाही. भारतराव म्हणाले, "साहेब, त्या विहिरीत पोरं क्रिकेटचा चेंडू शोधायला पायऱ्यांनी उतरतात." बाबू म्हणाला, "असतील. आमच्याकडं ती बारमाही आहे." नळासाठी दुसऱ्या कचेरीत गेले. तिथं कळलं की गंगासागर नगर गावात धरलेलं नाही. तिसऱ्या कचेरीत कळलं की ते गावाबाहेरही धरलेलं नाही. आपण नेमके कुठं राहतो हा विचार करत भारतराव घरी आले. पण नळ येणारच ह्या भरवशावर त्यांनी अंगणात, कुंपणाच्या कडेला, गुडघ्याएवढ्या भिंतीचा एक ऐसपैस हौद आधीच बांधून ठेवला होता. त्याचा उपयोग एवढाच, की चंद्री दुपारी त्याच्या सावलीला बसायची.

आणि मग एका दुपारी, ड्यूटीवर, भारतरावांना दर्शन झालं.

नांदेडची गाडी फलाटाला लागली तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "साहेब, रिकामी जाती आज." तेवढ्यात एका काळ्या-पिवळीतून चार जणं उतरली. मग एका ऑटोतून म्हातारा-म्हातारी. मग कुठल्याशा तांड्यावरून मोटरसायकलवर नवरा, बायको, लेकरू आणि लेकराची बकेट. मग पायी आलेल्या दोघी. कुठल्याच गावातून गाडी भरेल एवढी माणसं आली नव्हती, आणि बघता बघता गाडीच्या दारात माणसं लोंबकळायला लागली. भारतरावांच्या हातातला माईक तसाच राहिला. रोज डोळ्यांपुढून जाणारी गोष्ट, पण त्या दिवशी त्यांच्या अंगावर सरकन काटा आला. गाडी भरायला मोठं गाव लागतच नाही! लहान लहान गावं एका जागी यावी लागतात, बस्स. अख्ख्या स्टँडवर त्यांचा आवाज घुमला, "पाच बोर जोडायचे!" नांदेडचे प्रवासी बावरून वर पाहायला लागले. दोघंजण तर खालीही उतरले.

बेत सोपा होता. अवघड होतं ते शेजाऱ्यांना पटवणं. कारण 'तुमचा बोर कमजोर आहे, माझाही आहे, आपण जोडू' असं म्हणायची सोय नव्हती. भारतरावांनी स्वतःची इभ्रत खुंटीला टांगली आणि दारोदार गेले. "जमादार, तुमचं दोन इंच धो धो आहे, त्यातलं थोडं गरिबाच्या पाइपात सोडाल का? आईसाठी मागतोय."

जमादारांची छाती भरून आली. "आईसाठी? अहो, घ्या की! आमच्याकडं काय कमी हाय!" देविदासही तेच म्हणाला, विकासरावही तेच. सखुबाई तर म्हणाल्या, "माझं बी जोडा. मी कुणापेक्षा कमी हाय काय?" अशा तऱ्हेनं गंगासागर नगरात चार दाते आणि एक भिकारी तयार झाला. जाता-येता लोक भारतरावांकडं दयेनं पाहू लागले. विकासराव तर एकदा "काळजी करू नका हं" म्हणून त्यांची पाठ थोपटून गेले. आणि गंमत म्हणजे प्रत्येक दाता मनात म्हणत होता, माझ्या बोरात काही नाही, पण बाकीच्यांचं दोन इंच आहेच की, त्यात माझं खपून जाईल.

पाइप देविदासनं जोडले. घरोघरच्या बोरचा पाइप कुंपणावरून भारतरावांच्या अंगणात, हौदाच्या काठावर एकत्र आणला, सगळ्यांची तोंडं एका जोडात आवळली, आणि तिथून एकच जाड पाइप गच्चीवरच्या टाकीत चढवला. "मधी झडपा बसवायच्या का?" त्यानं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "घरच्या घरात कशाला दरवाजे!" असं म्हणून त्यानं दोन बोटांनी मिशी सारखी केली.

आखितीच्या आदल्या दिवशी मुहूर्त ठरला. जोडाला हार घातला. पंचफुलाबाई चंद्रीला घेऊन ओट्यावर बसल्या. त्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं, ते भारतरावांना दिसत होतं आणि ते तिकडं पाहत नव्हते. ते गच्चीवर टाकीपाशी गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून गरजले, "सर्व मोटारी... सुटत आहेत!"

चारी घरांतून बटणं दाबली गेली. मोटारी गुरगुरल्या. गच्चीवरच्या पाइपातून आधी वारा आला, मग एक वाळकं पान आलं, मग पाइपानं मोठ्ठी ढेकर दिली. दोन थेंब पडले. मग काहीच नाही.

पाणी सुटलं होतं हे नक्की. पोचलं नव्हतं, हेही नक्की. मग गेलं कुठं?

एवढ्यात सखुबाईंच्या अंगणातून किंकाळी आली. सगळे तिकडं धावले. सखुबाई बोरच्या पाइपाशी गुडघे टेकून बसल्या होत्या, कान लावून. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आली! आली हो! गंगा आली!"

रुक्माबाईनं कान लावला आणि तिचा हात आपोआप कपाळाला गेला. मग जमादारांनी लावला, मग दिपालीनं. खोल, खूप खोल, काळ्या दगडाच्या पोटातून आवाज येत होता. पाण्याचा. भरून वाहणाऱ्या ओढ्यासारखा खळखळाट, त्या एवढ्याशा भोकातून. जमादारांसारखा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात कोणाचं खरं मानलं नाही, तो हळू आवाजात म्हणाला, "आयला..." दोरीला दगड बांधून आत सोडला, वर आला तो ओलाचिंब. तो दगड हातोहात फिरला. प्रत्येकानं तो गालाला लावून पाहिला.

हळदकुंकू आलं, नारळ फुटला, जोडाचा हार काढून बोरला घातला गेला. संध्याकाळपर्यंत निम्मं कळमनुरी दर्शनाला आलं. कोणी म्हणालं औंढ्याच्या नागनाथाची कृपा, कोणी म्हणालं जमिनीखालून नदी वळली. चपलांचा ढीग भारतरावांच्या दारापर्यंत आला. भारतरावांनीही कान लावला, तेव्हा त्यांचंही हृदय धडधडलं, खोटं कशाला बोलायचं? पण नियंत्रकाचं डोकं. सुटलेली गाडी पोचली नाही तर ती हवेत विरत नाही, मध्येच कुठंतरी वळलेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, आखितीच्या सकाळी, पुन्हा सगळ्या मोटारी सुरू झाल्या. आता त्या भारतरावांसाठी नव्हत्या. देवीला वाजंत्री हवं म्हणून होत्या, कारण मोटारी चालल्या की गंगा जास्त खळखळते, असा भाविकांचा अनुभव होता. भारतराव गर्दीतून वाट काढत बोरपाशी बसले आणि घरोघरच्या बटणांपाशी धाडलेल्या दिपालीला फोन लावला. "जमादारांची मोटार बंद कर." खळखळाट कमी झाला. "देविदासची." आणखी कमी. "विकासरावांची. आता आपली." गंगा गेली.

"सगळ्या चालू कर," भारतराव म्हणाले, आणि गंगा परत आली.

त्यांनी सखुबाईंकडं पाहिलं. सखुबाईंनी मान खाली घातली. त्यांची मोटार दिवाळीलाच जळाली होती. बोर कोरडा पडला, मोटार कोरडी फिरली, जळाली. मोटार त्यांनी गुपचूप हिंगोलीला दुरुस्तीला टाकली होती, कळमनुरीत कळेल म्हणून. त्यामुळं त्यांच्या बोरात नुसता उघडा पाइप लोंबत होता. चार बोरांच्या दमलेल्या पाण्याला गच्ची चढायचा कंटाळा आला, आणि शेजारी उताराची वाट उघडी दिसली. ते बिचारं सरळ तिकडं पडत होतं.

ही गोष्ट भारतराव चार माणसांत हळू सांगणार होते. पण हळू बोलायची त्यांना सवय कुठं होती? "सखुबाईंच्या बोरातील पाणी हे जमादारांच्या बोरातील असून..." एवढी घोषणा झाली आणि देवीचा दरबार उठला.

"माझं पाणी?" जमादार ओरडले. "मी म्हणतो कालपासून माझ्या बोरातून निसती हवा काहून येऊन राहिली!"

"हवा?" विकासराव म्हणाले. "तुमचं तर दोन इंच होतं ना?"

"तुमचं होतं काय? तुमच्या दारात परवा टँकर कुणाच्या बारशाला आला होता?"

"माझं ऐका," देविदास म्हणाला.

"तुझंच ऐकलं म्हणून हे झालं!"

मग जे झालं त्याला तोंड नाही. 'माझा पाइप काढा' म्हणत तिघंही भारतरावांच्या अंगणात घुसले. हौदाच्या काठावरचा तो जोड जमादारांनी पाना मारून फोडला, प्रत्येकानं आपापला पाइप उपसून रागानं बाजूला फेकला, आणि बाजूला म्हणजे हौदात, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. सखुबाईही आल्या, त्यांनीही आपला पाइप ओढून टाकला. भारतरावांचा आपोआपच सुटून आत पडला. मोटारी बंद करायचं भान कोणालाच नव्हतं. भांडण रंगात आलं होतं. कोणी कधी किती टँकर मागवले, कोणाच्या तुळशीवृंदावनाला किती विटा लागल्या, सगळं बाहेर आलं. नगरात प्रथमच खरं बोललं जात होतं, आणि तेही टिपेच्या आवाजात. भारतराव मध्ये उभे राहून "सर्वांनी रांगेत भांडावे" असं काहीबाही ओरडत होते. ते ऐकायला कोणी नव्हतं.

फाटकाशी पंचफुलाबाई गाठोड्यावर बसल्या होत्या, हातात नवा, कोरडा करा. त्या म्हणाल्या, "चल गं चंद्रे. गाडी येईल. मी म्होरं जाते, तुला टेम्पोत धाडतील." आणि दावं धरायला वळल्या, तर दावं नुसतंच.

"चंद्री कुटं हाय?"

म्हातारीचा आवाज काही मोठा नव्हता. पण त्यात असं काही होतं की भांडणही क्षणभर थांबलं. आणि थांबल्यावर ऐकू आला, तो आवाज.

हलका होता. झुळझुळ, टपटप, पुन्हा झुळझुळ. सगळ्यांनी वळून पाहिलं. चंद्री हौदाच्या भिंतीवर पुढचे पाय टेकून, मान आत घालून उभी होती. पीत होती. शिंकत नव्हती, पाठ फिरवत नव्हती. मान खाली घालून, शेपूट हलवत, मन लावून पीत होती. हौद वीतभर भरला होता.

कोणी पुढं होईना. मग भारतराव गेले, त्यांच्यामागं एकेक करत सगळे, देवळात जातात तसे, पाय न वाजवता. हौदाच्या काठावरून पाइप लोंबत होते. जमादारांच्या पाइपातून करंगळीएवढी धार. विकासरावांच्या पाइपातून त्याहून बारीक. देविदासची धार तर मोटारविक्याला शोभू नये अशी, थांबत थांबत येणारी. आणि भारतरावांची, कमी पण गोड. एकेकट्याला घागर भरायला लाज वाटावी अशा त्या धारा कोणाशी न झगडता, कोणाला मागं न ढकलता, आपापल्या चालीनं खाली पडत होत्या. आणि खाली पाणी एकच होतं. मधूनच जमादारांची धार दमली, नुसती गुळण्या करायला लागली. तेवढ्यात देविदासची परत आली. हौद चढतच होता.

"आपलं पाणी कोणतं, ते आता ओळखू येतं का हो?" विकासराव पुटपुटले. भारतरावांच्या डोळ्यांपुढं नांदेडची गाडी आली. आपण गाडी बरोबर ओळखली होती, पण एका गावची माणसं दुसऱ्या गावच्या अंगावरून चढवायला निघालो होतो. फलाट द्यायचा राहिला होता. फक्त एक फलाट.

एक पाइप मात्र कोरडा होता. सखुबाईंचा. तो सगळ्यांना दिसत होता, आणि सखुबाई कुंपणाला टेकून खाली पाहत उभ्या होत्या. मग जमादारांनी काय केलं, ज्यांचा आवाज आताच दोन गल्ल्या ऐकत होत्या त्या जमादारांनी? ते काठावर वाकले, हात धुतल्यासारखं केलं, आणि सखुबाईंच्या पाइपाचं तोंड हळूच पाण्याच्या खाली सारलं. आता त्यातून काय येतंय आणि काय नाही, हे कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"हां," जमादार खाकरून म्हणाले, "पाचही चालू हायेत. बराबर."

रुक्माबाई आपल्या नवऱ्याकडं पाहतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं नसावं.

पंचफुलाबाई पुढं आल्या. चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ओंजळ भरली, प्यायल्या, आणि तोंड न पुसता बराच वेळ त्या धारांकडं पाहत राहिल्या. "चार शेळ्या असल्या की एकाच भगुन्यात पिळावं लागतंय," त्या म्हणाल्या. "एकीचं सड दुसरीच्या सडाला बांधून दूद कसं निगंल?"

"आई!" भारतराव कळवळून म्हणाले. "मग आधी न्हाई का सांगायचं?"

"मला काय ठावं? आता बगून कळालं."

त्यांनी करा हौदात बुडवला. नवी माती पाणी पिताना फुसफुसते, तसा तो फुसफुसला, आणि मग जड झाला. करा छातीशी धरून त्या काही तरी म्हणाल्या. ते ज्ञानबांना म्हणाल्या असाव्यात, म्हणून कोणी ऐकलं नाही.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. औंढ्याची गाडी. कंडक्टरनं दारातून हाक दिली, "आजी, चला! साहेब, बसवा आईला!"

जन्मात पहिल्यांदा गाडी समोर उभी होती आणि नियंत्रकाला काय पुकारावं ते सुचत नव्हतं. पंचफुलाबाई फाटकापर्यंत गेल्या, गाठोड्यापाशी थांबल्या, आणि कंडक्टरला म्हणाल्या, "आरं, ऊन किती हाय! गाडीतली लेकरं तान्हेली असतील. बाटली भर की आदी."

कंडक्टर उतरला. त्याच्यामागं ड्रायव्हर उतरला. मग गाडीतले लोक उतरले, बाटल्या, तांबे, एकानं तर टिफिनचा डबाच आणला. जमादार रांग लावायला उभे राहिले, विकासराव बाटल्या बुडवून देऊ लागले, सखुबाई लेकरांना ओंजळीनं पाणी पाजू लागल्या. अख्खी गाडी पिऊन झाली तेव्हा भारतरावांनी हौदात वाकून पाहिलं. पाणी थोडं उतरलं होतं. ते पाहत असतानाच, गुपचूप, ते पुन्हा वर येत होतं. भारतरावांनी दोन्ही हात जोडले.

डबल बेल वाजली. धुरळा उठला आणि गाडी औंढ्याकडं गेली. फाटकात गाठोडं तसंच होतं.

"गाडी गेली व्हय रं?" पंचफुलाबाईंनी करा सावलीत ठेवत विचारलं.

"गेली, आई."

"जाऊ दे. दिपाली, गाठोडं सोड. वाकळ धुवून टाक आज. पानी हाय."

एका प्रवाशाची गाडी चुकली म्हणून वाहतूक नियंत्रक भारतराव पोले हौदाच्या काठावर बसून लहान पोरासारखे रडले. आणि ह्या वेळी त्यांनी घोषणा केली नाही.